बोगद्यात लिहिलेलं उत्तर

११ फेब्रुवारी

ऑफिसने हातात मावेल असं एक यंत्र दिलंय. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून मेल उतरवून घ्यायच्या, आत जाऊन वाचायच्या, तिथेच उत्तरं लिहायची. आत रेंज नाही. उत्तरं आउटबॉक्समध्ये पडून राहतात, बाहेर आलं की आपोआप जातात. ड्रिलवाला म्हणतो, "ताई, डबडं झकास आहे. साहेबाला शिवी लिहायची. बाहेर येईपर्यंत राग उतरला तर पुसायची."

शिवी अजून लिहिलेली नाही. पण आतली हवा तपासून मी 'चला' म्हटल्याशिवाय कुणाचं ड्रिल फिरत नाही, आणि तसा अहवालही आता तिथल्या तिथे मीच लिहिते. मान जरा ताठ होतेच.

१३ फेब्रुवारी

लेकीचा फोटो आला. एका जागी कधी बसली नाही म्हणून आमची भिंगरी. जहाजाच्या इंजिनखोलीत शिकाऊ आहे, नाकावर ग्रीस. सगळ्या शिफ्टला दाखवला. काहींना दोनदा.

१६ फेब्रुवारी

भिंगरीची मेल आत बसून वाचली. "आई, नाही जमत गं. मोठा इंजिनीअर सगळ्यांसमोर म्हणतो, तू नुसतं फडकं मार. शनिवारी बंदर लागेल. उतरून घरी येऊ?"

पंख्याच्या घरघरीत लिहायला घेतलं — धीर धर, मी इथे कशी टिकले ते आठव. लांबतच गेलं. वाचून पाहिलं तर सगळं माझंच कौतुक! पुसलं.

मग एवढंच — "ये. तुझी खोली तशीच आहे. कुणी काही विचारणार नाही."

हेच पाठवायचं का, ते बाहेर पडण्याआधी ठरवू म्हटलं आणि कामाला लागले. सुटून बाहेर येताना ड्रिलवाला बोलत होता, मी हसत होते — आणि खिशात टुंग. गेलं.

घरी ह्यांना सांगितलं. "समजावलं असतंस तर थांबली असती," हे म्हणाले.

"मी पाठवलं नाही. गेलं."

"लिहिलं तूच ना?"

हो. मीच.

१८ फेब्रुवारी

उत्तर नाही. तिचा पाय मीच मागे ओढला का? एवढी टिकली होती पोर.

२० फेब्रुवारी, शनिवार

आज बंदर. तिच्या खोलीत चादर बदलली. हे दारात उभे राहिले, मग उशीला अभ्रा घालून दिला.

२२ फेब्रुवारी

मेल उतरवली, आत जाऊन उघडली. "आई, उतरले नाही. तुझं 'ये' वाचलं आणि कित्येक दिवसांनी झोप लागली. सकाळी मोठ्या इंजिनीअरना म्हटलं, फडकं मारून झालं, आता पंप उघडू द्या. उघडला. जोडलाही. आम्ही पुन्हा समुद्रात आहोत. खोली मात्र तशीच ठेव."

लिहिलं — "ठेवलीय."

आज पुसावंसं काही वाटलं नाही.