नळी का फुटली

सांगली,
रविवार

प्रिय आबा,

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहितेय. घेतला असतात तरी "बरं, ठिव आता" म्हणून मधेच ठेवला असतात. कागदही मधेच ठेवता येतो म्हणा, पण आई तो तुम्हाला पुरता वाचायला लावेल.

मी खुशाल आहे. मंगल खोलीवर सोबत असते. माझ्याच प्रयोगशाळेत आहे, तुम्ही तिला दवाखान्यात पाहिलं आहे. डावीकडून येणारी गाडी अजून उशिरा दिसते, म्हणून रस्ता ओलांडताना सगळी मान वळवते. परवा मार्केट यार्डाजवळ एक दुचाकीवाला ओरडला, "ओ ताई, बघून चाला की!" मी म्हटलं, बघूनच चालतेय, तुझ्यापेक्षा जास्त. चहा आता कपातच पडतो. मलकापूरला घरी आल्यावर मी पहिल्यांदा ओतला, तेव्हा सगळा कपाच्या अलीकडे सांडला होता. एकाच डोळ्यानं अंतर कळत नाही, ते शिकावं लागतं. तुम्ही चपला घातल्यात आणि उसाकडे निघून गेलात. संध्याकाळी आई म्हणाली, "बांधावर बसून रडत हुतं गं."

ते मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय. पण लिहिणार आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही चारुशीला मॅडमना म्हणालात, "एक डोळा दिला. दुसरा द्यायचा न्हाई. लय झालं शिक्षान." मॅडम माझ्या मार्गदर्शक. मी आत पट्टी बांधून पडले होते आणि सगळं ऐकत होते. मी डोळा कशासाठी दिला, हे मात्र तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. आता ऐका.

लोखंडाचा एक अणू मधोमध बसवायचा आणि त्याच्याभोवती कार्बनी रेणूंचे हात असे गुंफायचे, की त्यानं आपल्याला हवं तेच काम करावं. आम्ही त्याला कॉम्प्लेक्स म्हणतो. ते काम करतं, स्वतः खर्च होत नाही आणि पुन्हा पुढच्या कामाला लागतं, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं. असली कामं बहुतेक पॅलॅडियम, रुथेनियमसारख्या महागड्या धातूंकडून करून घेतात. मला ती साध्या लोखंडाकडून करून घ्यायची होती. परिषदेत एका मोठ्या प्राध्यापकांनी हसून विचारलं होतं, "लोखंडच हवं तर कराडला कारखाने काय कमी आहेत?" सभागृह हसलं. मी हसले नाही.

डोळा गेला त्या दिवशी मी नळीत माझं कॉम्प्लेक्स आणि फॉर्मिक आम्ल घातलं. मुंगी चावल्यावर जे झोंबतं, तेच. त्यातला हायड्रोजन दुसऱ्या एका रेणूला जाऊन चिकटावा, असा बेत होता. नळी बंद केली आणि तापत ठेवली. धूर ओढणाऱ्या कपाटाची सरकती काच कित्येक दिवस अर्ध्यावर अडकलेली होती; आम्ही तक्रार केली होती, कुणी आलं नव्हतं. माझा गॉगल डोळ्यांवर होता. तरी नळी फुटली तेव्हा एक तुकडा बाजूनं आत शिरला.

घरी पडून होते, तेव्हा येणारा जाणारा डोळ्याबद्दल बोलायचा. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: नळी फुटण्याइतका वायू आला कुठून? तेवढं तापवलं म्हणून नुसतं आम्ल काही एवढा वायू सोडत नाही. मग एका दुपारी, आई भाजी निवडत होती आणि मी तिच्या शेजारी पडले होते, तेव्हा मी उठूनच बसले. लोखंडानं केलं होतं ते! हायड्रोजन दुसऱ्या रेणूला न देता त्यानं सरळ मोकळा सोडला होता, आणि इतक्या झपाट्यानं की काचेला सोसला नाही. आबा, माझा प्रयोग फसलाच नव्हता. तो मला झेपणार नाही इतका चालला होता. आई म्हणाली, "का गं, दुखतंय व्हय?" मी म्हटलं, नाही आई, कळलं.

गेल्या आठवड्यात मंगलनं तो प्रयोग पुन्हा केला. या वेळी भांडं बंद नाही, वायूला नळीतून पाण्यात जायला वाट, समोर जाड ढाल. नुसतं आम्ल तापवलं, काही नाही. साधा लोखंडाचा क्षार घातला, काही नाही. मग माझं कॉम्प्लेक्स घातलं आणि पाण्यातून बुडबुड्यांची रांग लागली, थांबेचना. मंगल नाचायला लागली. मी ते सगळं व्हरांड्यातून, दाराच्या काचेतून पाहिलं.

दाराबाहेरून, कारण मी आत पाऊल टाकायचं नाही असा तुम्ही संचालकांना अर्ज दिला आहे. 'मुलगी अपंग झाली आहे, तिला प्रयोगशाळेत घेऊ नये.' वळणदार अक्षरात, खाली माजी सुभेदार म्हणून सही. त्याचा निर्णय होईपर्यंत मला आत मनाई आहे. अडकलेल्या काचेबद्दल त्यात एक ओळ नाही. ती काच आता दुरुस्त झाली आहे. मी आणि मंगल रोज जाऊन कार्यालयात बसलो, तेव्हा झाली.

बर्फात तुमच्या पायाची दोन बोटं गेली, तेव्हा आजीनं दार अडवलं होतं ना? तिनं मला कितीदा सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "बोटं गेली आई, पाय न्हाई गेलं," आणि रजा संपायच्या आधी चौकीवर हजर झालात. आजीनं कर्नलसाहेबांना अर्ज दिला असता, तर तुम्ही तो मानला असता का?

मला आत घ्यायचं की नाही हे ठरवायला गुरुवारी अकरा वाजता समितीची बैठक आहे. तुमचा अर्ज तिथं वाचला जाईल. मी सव्वीस वर्षांची आहे, माझी सही मला करता येते, आणि मी त्या बैठकीत तुमच्या विरोधात बोलणार आहे. अर्ज मागे घ्या, अशी विनवणी मी करत नाही. तुम्हाला बोलायचं असेल तर या, समोर बसा आणि माझ्यादेखत बोला. मीही तुमच्यादेखतच बोलेन. निकाल काही लागो, त्यानंतर तुम्हाला घेऊन मी प्रयोगशाळेच्या त्या दारापर्यंत जाणार आहे, काचेतून ते बुडबुडे दाखवायला. आपली मुलगी आपल्याविरुद्ध उभी आहे, हे तुम्हाला चार परक्या माणसांत पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमचीच, आणि तुमच्याइतकीच हट्टी,
शिवांजली