गार दगडावरचं अंडं

बाई, तुम्ही आम्हाला शास्त्र शिकवायला आलात तो चौतीस-पस्तीस सालचा हिवाळा असेल. नाशकात तेव्हा मुलींना शास्त्र म्हणजे आरोग्याचे नियम, नखं कापा, पाणी गाळा, एवढंच. तुम्ही पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलंत, ‘जिवंत म्हणजे काय?’ पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ज्यात आत्मा असतो ते. ‘पाहिलास?’ तुम्ही विचारलंत. तास संपेपर्यंत तिला उभी ठेवलीत आणि तिच्या डोक्यावरून आम्हाला सांगत राहिलात की आधी बघायचं, मग प्रश्न विचारायचा, अंदाज बांधायचा आणि तो खोटा ठरतो का ते तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. ती मुलगी रडत होती. मला मात्र त्या दिवशी कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं होतं.

वर्गात मुसलमान मी एकटीच. वडील बांगड्या भरायला घरोघर जात, आई परसात कोंबड्या पाळी. तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, ‘तुमच्यात खुडूक कोंबडी असेल ना एखादी?’ मुली हसल्या. तुम्ही हसला नाहीत, पण त्यांना गप्पही केलं नाहीत. आईने अंडी उबवायला बसलेली तिची लाडकी काळी कोंबडी दिली, बारा अंड्यांसकट, केवळ शाळेचं काम म्हणून. शास्त्राच्या खोलीत कोपऱ्यात डालं ठेवलं. दिवसाआड एक अंडं फोडायचं आणि आत काय चाललंय ते वहीत काढायचं. अंड्याला हात लावायला दुसरी कुणी तयार नव्हती, म्हणून फोडायचं काम माझ्याकडे आलं.

कोमट मिठाच्या पाण्यात अंडं धरून चिमट्याने कवच सोलायचं. चौथ्या दिवशी बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका उडत होता. सगळ्या मुली वाकून बघत होत्या, नाकाला पदर लावलेल्यासुद्धा. आठव्या दिवशी नुसता डोळा, काळा, डोक्याहून मोठा वाटणारा. चौदाव्या दिवशी अंगावर ओली लव. अठराव्या दिवशीच्या पिल्लाने वाडग्यात पाय झाडले आणि माझे डोळे भरून आले. ‘पुसून ये,’ तुम्ही म्हणालात, ‘पाण्यातून चित्र नीट येत नाही.’ मी पुसून आले. त्या दिवशीचं चित्र तुम्ही वर्गभर फिरवलंत.

विसाव्या दिवशी संध्याकाळी दोनच अंडी उरली होती. दोन्हींना बारीक भोकं पडलेली, दोन्हींतून चिवचिव. तुम्ही एक कोंबडीखालीच ठेवलंत आणि दुसरं उचलून खिडकीच्या दगडावर ठेवलंत. ‘खोली तीच, दिवस तोच. बदलली फक्त ऊब,’ तुम्ही म्हणालात. सकाळी मी आले तर दगडावरचं अजून ओरडत होतं आणि डाल्यातली कोंबडी त्याला उत्तर देत होती. तुम्ही मला बाकीच्या तासांना सुट्टी दिलीत, टेबलावर तुमचं घड्याळ ठेवलंत. ‘वेळ लिहीत जा,’ एवढंच बोललात आणि दुसऱ्या वर्गावर गेलात.

मी बसले आहे. वाऱ्याने खिडकी वाजते आहे. दहा वाजता चिवचिव मिनिटाला तीस-पस्तीस वेळा, साडेअकराला बारा, मग चार. कोंबडी डाल्याच्या फटीतून चोच काढते आहे. माझ्या खुर्चीपासून डालं दोन पावलांवर आहे, खिडकीही तेवढीच. मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटांनी आवाज थांबला. मी वेळ लिहिली.

कोंबडीखालचं पिल्लू निघालं, ते तुम्ही मला देऊन टाकलंत. आईने डाल्यात वाकून बघितलं. ‘बाकी के?’ मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, दगडावरचं मी परत ठेवणार होते, बाईंनी हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आई बुरखा घालून शाळेच्या दारात उभी. माझ्या शाळेत ती कधीच आली नव्हती. ‘पोरीनं उचलायला मागितलं, तुम्ही नाय म्हटलं. असं हाय का?’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फरशीकडे बघत होते.

‘हो,’ तुम्ही म्हणालात. ‘मीच नाही म्हटलं.’

‘तुम्हाला लेकरू नाय, म्हणून,’ आई म्हणाली आणि वळली. ती बोलली ते खरं होतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तुमचा चेहरा राखेसारखा झाला. आई फाटकाबाहेर गेल्यावर तुम्ही हलक्या आवाजात मला म्हणालात, ‘जीव गेला त्याचं मला काही नाही. आईजवळ नोंद खोटी केलीस. वही आण.’ वही तुम्ही कपाटात ठेवून कुलूप लावलंत. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाही. मी हात वर केला की तुमची नजर माझ्यावरून पुढे जाई. मॅट्रिकला शास्त्रात मी पहिली आले, तेव्हाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही क्षयाने गेलात. मला निरोप कुणी दिला नाही, आणि दिला असता तरी मी आले असते असं नाही.

मीही पुढे प्राणिशास्त्र शिकवलं, तीस वर्षं. बेडूक, झुरळं, उंदीर. तुमची गोष्ट दर वर्षी नव्या मुलींना सांगितली, आईला सांगितली होती तश्शीच. त्या तुमच्यावर चिडायच्या आणि मला कणव असलेली बाई समजायच्या. मी समजू दिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतं आहे. तुमच्या भीतीने मी खुर्चीत बसून राहिले नव्हते, बाई. ते किती वाजता थांबतं ते मला बघायचं होतं.