दाजीसकट नऊ जण

श्री व्याडेश्वराच्या चरणी नमस्कार.

मी, भालचंद्र गोविंद घाणेकर, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, मूळ गाव कुडली, तालुका गुहागर, सध्या मुक्काम हूरा, बहरीन, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही, आणि कोणी आणला तर मी तो मानणार नाही. काल एकाने आणून पाहिला. काय झाले, ते माझी मुलगी अश्विनी हिला कलम चारमध्ये वाचायला मिळेल.

कलम १. कुडलीचे घर आणि बँकेतील शिल्लक पत्नी विशाखा हिची. माझा भाऊ प्रशांत याने न्हाणीघर बांधून विहिरीची वाट अर्धी केली आहे. ते पाडायला सांगू नये, तो धाकटा आहे. मात्र उरलेल्या वाटेवरून विशाखा मधोमध चालेल. बाजूला त्याने व्हावे.

कलम २. माझे रंधे, पटाशा आणि दोन्ही करवती अमीरला द्याव्यात. बुसैतीनच्या कारखान्यात त्याचे बाक माझ्या बाकाला लागून आहे. सकाळी मी हात जोडतो तेव्हा तो मशीन बंद करतो, त्याच्या नमाजाला मी बंद करतो. त्याला धार लावायला सांगू नये, राग येतो.

कलम ३. सागवानी देव्हारा मुलगी अश्विनी हिचा. रोज फूल नाही मिळाले तरी चालेल, धूळ नको.

कलम ४. देव्हाऱ्याच्या खणात पुठ्ठ्याचे एक कार्ड आहे. अश्विनी म्हणते, "बाबा, इट्स जस्ट अ कार्ड." तसे नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या संघांची अशी कार्डे छापतात आणि लोक ती जपून ठेवतात. २००१ साली आमच्या मॅनेजरसाहेबांना या खेळाची हौस आली. कारखान्यातले आम्ही नऊ जण त्यांनी उभे केले आणि हूऱ्यातल्या स्टुडिओत फोटो काढून आमचेही कार्ड छापले, प्रत्येकाला एकेक दिले. टोप्या सगळ्यांना मोठ्या झाल्या होत्या. कर्णधार कैलास रहाटे मधोमध, दाजी शिंगरे उजवीकडे शेवटचा, त्याच्या शेजारी मी.

तो हंगाम वाईट गेला. सगळे कोकणातले, सड्यावर, कातळाच्या माळावर, क्रिकेट खेळून वाढलेले. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचे, हे अंगवळणी पडेना. लोक हसत. त्यात कंपनीचे काम आटले, माणसे कमी होणार अशी बोलणी सुरू झाली. साहेब म्हणाले, शेवटची मॅच जिंकलात तर टीम राहील, टीमची माणसेही राहतील.

ती मॅच जुफैरला होती. आम्ही एका धावेने मागे, शेवटचा डाव, आमचा एक माणूस पायावर, म्हणजे बेसवर. दाजीने असा टोला हाणला की पुढचा माणूस सहज आत आला आणि बरोबरी झाली. दाजीही तीन पाये ओलांडून शेवटच्या पायाकडे आला, बॅट हातातच. चेंडू त्याच्या आधी पोहोचला होता. तेवढ्यात आमच्या बाजूने आरोळी आली, "टेकव! बॅट टेकव!" दाजीने क्रिझमध्ये टेकवावी तशी बॅट लांब करून पायावर टेकवली. या खेळात पाया अंगाने शिवावा लागतो, बॅटने नाही. समोरच्याने त्याच्या खांद्याला चेंडू लावला. बाद. बरोबरी सोडवायला जादा डाव झाला, त्यात आम्ही हरलो.

टीम मोडली. चौघांचे व्हिसा संपवले, त्यात दाजी. तो जाण्याआधीच कामगारांच्या कॅम्पात बोलले गेले, दाजीने मॅच विकली. कैलासने कात्रीने त्याला आपल्या कार्डावरून कापले. मग एकेकाने कापले. मी तेव्हाही सांगितले की आरोळी कैलासची होती. मला म्हणाले, तू त्याचा गाववाला. आजही तेच सांगतो. दाजीने मॅच विकली नाही. त्याने कर्णधाराचे ऐकले.

दाजी गावी आहे. सड्यावर टुर्नामेंट लागली की हा दार लावून आत बसतो. माझे कार्ड अखंड आहे. ते दाजीला द्यावे. घरी गुपचूप देऊ नये. बदनामी चारचौघांत झाली, कार्डही चारचौघांतच द्यायचे. टुर्नामेंटच्या दिवशी त्याला मैदानावर आणावे आणि माइकवरून हे कलम अश्विनीने वाचावे. मराठी वाचताना अडखळशील, बाळा. अडखळ, पण सगळे वाच. मी वाचलो तर हे काम मीच करीन.

काल संध्याकाळी कैलासला साक्षीला बोलावले. आता तो आमचा फोरमन आहे. त्याने चष्मा लावून तोवर लिहिलेले सगळे वाचले.

"भाल्या, मेल्यावर तरी मला सोड की."

"जिवंतपणी सोडलं होतं. मेल्यावर धरणार."

"चौथं कलम काढ. लगेच सही करतो."

"कलम राहील. सही नको तर नको."

"माझी पोरं वाचतील रे."

"दाजीची पोरं चोवीस वर्षं ऐकतायत."

कार्ड समोरच होते. त्याने ते उचलले, उजव्या कडेच्या दाजीवर अंगठा ठेवला, आणि निघून गेला. आमच्या इमारतीतले हिशेबनीस चंद्रशेखर पाटणकर म्हणाले, "भालचंद्रराव, मृत्युपत्रात बेसबॉल नको. साक्षीदार दोन लागतात, कैलासला घालवाल." मी म्हटले, देव आहे. ते म्हणाले, त्याची सही कोर्टात चालत नाही. तरी दुसरी जागा मी कैलाससाठीच मोकळी ठेवली आहे. साक्षीदाराला मजकुराची जबाबदारी नसते. माझी सही झालेली पाहिली एवढेच त्याने लिहायचे. तेवढेही जमत नसेल तर जागा मोकळी राहू दे. कोणाची होती, ते वाचणाऱ्याला कळेल.

कलम ५. माझे दहन इथे करावे की गावी, ते विशाखाने ठरवावे. माझे काही म्हणणे नाही. जे म्हणायचे ते वर आले आहे.

भालचंद्र गोविंद घाणेकर (सही)
हूरा, बहरीन. शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. चंद्रशेखर विष्णू पाटणकर (सही). भालचंद्ररावांनी माझ्यासमोर सही केली.

२. कैलास धोंडू रहाटे (सही). भालचंद्रने माझ्यासमोर सही केली. कलम चार खरे आहे. ओरडलो मीच.