पेलिकनांच्या बेटावरची थट्टा

आईस कुंबाचा आदराचा सलाम.

अल्लाहच्या कृपेने आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

जूजच्या तळ्यातली पेलिकनांची पिल्लं अजून उडत नाहीत, म्हणून तुझे जावई बेट राखतात, तेही एकटेच. काल दोन कोळी बंदी असूनही तिथे जाळं टाकत होते. यांनी हटकलं, तर एकाने सुरा उपसला.

"आडनाव काय रे तुझं?" यांनी विचारलं.

"न्जाय."

"आणि मी जोप! भातखाऊ गुलामा, मालकावर सुरा?"

तो हसतच सुटला. जोप-न्जाय आडनावांचे लोक पिढ्यान्पिढ्या थट्टेचे भाऊबंद, एकमेकांवर रागावणार कसे! "खादाड तर तूच," म्हणत त्याने जाळं गुंडाळलं.

दुसऱ्याने मात्र आडनाव सांगितलं नाही. आज हे पुन्हा बेटावर गेलेत. नमाजानंतर यांच्यासाठी दुआ माग.

तुझी लेक,
कुंबा