चंद्रीच्या बापाचं काय करायचं?

प्रिय अप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायचं मी टाळतच होते. आज लिहायला बसले, कारण उद्या रविवार आहे आणि समीनाने आमचा खेळ पुन्हा सुरू करायचं ठरवलंय. तोच, वीस बाजूंच्या फाशाचा. तुम्ही त्याला ‘बसल्या जागचं सोंग’ म्हणायचात! प्रत्येकाने एक माणूस रचायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासारखं वागायचं. समीना गोष्ट पुढे नेते, आम्ही चौघं त्या गोष्टीत अडकतो. या वेळी तिने बजावलंय, प्रत्येकाने आपल्या माणसाची मागची कहाणी नव्याने रचून आणा. कुठला, कुणाचा, घरातून का निघाला.

आणि मला एकही ओळ सुचत नाहीये.

खेळातली माझी चंद्री आठवते ना तुम्हाला? भिंती चढणारी, कुलपं उघडणारी. तिचं गाव जळालं, आईबाप त्यात गेले, ही एकटी उरली. मी हे सगळं आपल्या बैठकीत मोठ्या ऐटीत सांगत होते आणि तुम्ही दुकानातून जेवायला आला होतात. ताट मांडीवर घेऊन तुम्ही ऐकलंत आणि विचारलंत, “गाव जळालं? अन् हीर न्हवती का गावात?”

समीना तर हसून लोळायची बाकी राहिली. मग तुम्ही बाकीच्यांचीही चौकशी केलीत. एकाचे आईबाप राक्षसाने खाल्लेले, एकाचे पुरात गेलेले, समीनाच्या भावाने रचलेल्या माणसाचे तर कुणी मारले तेच त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. “आईबापाला मारल्याबिगर तुमच्या खेळात कुनीच घराबाहेर पडत न्हाई का रे?”

“अप्पा, जिवंत असले तर जाऊ देतात का?” समीना म्हणाली.

“मी आलोच की नांदेडला. माझे जिते होते.”

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं तुम्ही उदगीर का सोडलंत! काकांनी दुकानातली तुमची गादीवरची जागा हलवून दाराजवळ केली, चपलांपाशी. एवढंच. भांडण नाही, वाटणी नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बसमध्ये बसलात. “मानूस घर सोडतंय ते अशा बारक्या गोष्टीवरून,” तुम्ही म्हणालात. “पर मागं कुनीतरी जेवायचं थांबलेलं पायजे. त्याबिगर परतायची वढ कुठून येनार? तुमच्या त्या चंद्रीला कसलीच वढ न्हाई. ती उगंच हिंडून राह्यली.”

काय खरं बोललात हो! पण तेव्हा मला रागच आला. कापडाच्या दुकानातला माणूस माझ्या चंद्रीला नावं ठेवतो म्हणजे काय! मग पुढे कित्येक रविवार तुमचं एकच. “झाला का चंद्रीचा बाप जिता?”

आणि मग तुम्हीच. लातूरच्या दवाखान्यातून तुम्हाला आणलं, आपल्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. काका सगळ्यांत मोठ्याने रडले. आता चंद्रीचा बाप मेलेला लिहू म्हटलं तर हात चालत नाही. जिवंत लिहू म्हटलं तर तो तुमच्यासारखा बोलायला लागतो, आणि मला पुढचं दिसेनासं होतं. सांगा, काय करू?

त्यात परवा काकांचा फोन आला.

उदगीरला हेळवी आला होता. बैलावर बसून, घंटा वाजवत, दर काही वर्षांनी येतो तसा. घराण्याचं मूळ गाव कोणतं, ते का सोडलं, कुणाच्या पोटी कोण, सगळं म्हणून दाखवून धान्य घेऊन गेला. काका कौतुकाने सांगत होते, “तुझ्या बापाचं नाव बी घेतलं बग त्यानं. अन् म्हनला, हितं वंशाचा वेल थांबला.”

“थांबला म्हणजे? मी आहे की, काका!”

“तसं न्हाई बाई. पोरीचं नाव नवऱ्याच्या घरच्या वेलात येतंय. तुझं लगीन झालं का घेतील तिकडं.”

काका वाईट मनाने बोलले नाहीत, हे मला कळतं. तरी फोन ठेवला आणि अंगाची लाही लाही झाली. आई म्हणते, एवढं काय मनाला लावून घेतेस. अप्पा, मी लावून घेते! ज्याने माझ्या उशाशी बसून रात्री काढल्या, त्या माणसाला मूलच नव्हतं असं उदगीरच्या अंगणात म्हणून दाखवलं, आणि वर धान्य दिलं.

लहानपणी तुमचं बोट धरून मी त्याच अंगणात उभी होते. हेळव्याने सगळी नावं घेतली, तुमच्यापाशी येऊन थांबला. मी विचारलं, “माझं?” तुम्ही माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवलेत आणि म्हणालात, “तुझं नाव मला ठाऊक हाय की.”

मला तेव्हा ते पुरलं. पण अप्पा, तुम्ही त्याला का नाही सांगितलंत? आमच्या खेळातल्या माणसांची एवढी उलटतपासणी घेणारे तुम्ही, तिथे गप्प का बसलात? तुम्हाला ठाऊक होतं म्हणता. आता ज्याला ठाऊक होतं तोच नाही!

बरं, रागावून किती वेळ राहणार तुमच्यावर. उद्या समीनाने विचारलं की सांगेन, चंद्रीचं गाव शाबूत आहे. तिथे विहीर आहे. तिचा बाप कापड विकतो, चौकशा फार करतो, आणि ती परत येईपर्यंत जेवत नाही. सांगताना रडू आलं तर येऊ दे.

आणि हे तुम्हाला वचन. हेळवी पुन्हा येईल तेव्हा मी उदगीरला असेन. काकांना आधीच सांगून ठेवेन, त्यांना आवडो न आवडो. तुमचं नाव घेऊन तो थांबला की पुढचं नाव मी सांगेन, चारचौघांत, मोठ्याने. बैल बुजला तर बुजू दे.

तुमचीच,
गिरिजा शिवलिंग