पानांखालची लाट

१२ मार्च १९८७, डिचोली
पेठेतल्या झाडांच्या नकाशाला आतापर्यंत पडलेला खरा खर्च: एक जोडी चपला, डाव्या पोटरीला कुत्र्याचा चावा आणि बायकोचा, मंजुळाचा अबोला. (अबोला खरं तर नफ्यात धरायला हवा.)
सुरुवात राजभाषेच्या आंदोलनात झाली. रस्ता अडवायला कोणीतरी नाक्यावरचा आंबा आडवा पाडला आणि त्याच संध्याकाळी माझ्या दुकानातल्या टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्या जाऊन चित्र स्वच्छ झालं. झाड कोकणीवाल्यांनी पाडलं की मराठीवाल्यांनी, ते लिहीत नाही. दोघांचेही रेडिओ माझ्याकडेच दुरुस्तीला येतात.
संकल्प: कुठलं झाड किती सिग्नल खातं, याचा आता पुरा हिशेब मांडणार. इंजिनियर लोकांना जमलं नाही ते.

२ एप्रिल
मोजणी जोरात. हातगाडीवर छोटा टीव्ही, जीपची बॅटरी. मी चित्राकडे बघतच नाही, कान पुरतात. फणसामागे खरखर जाड. चिंचेमागे बारीक. माडामागे जवळजवळ नाहीच.
मंजुळा बोलू लागली. म्हणाली, तुमी झाडां मोजतास, लोक तुमकां मोजतत. तिचं माहेर पेडण्याचं, तिकडची माणसं अशीच बोलतात. दुर्लक्ष.

१९ एप्रिल
सापडलं! सगळं जग वर बघतं, तिथेच चुकतं. पणजीहून येणारी लाट पानांच्या गर्दीत अडकते. पण पानांखाली, खोडाखोडांमधून मोकळी वाट असते. म्हणजे अँटेना खाली हवा, कमरेएवढा!
मागच्या अंगणात लावला. बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातली कुडी दिसली.
समोरचा अनंत अँटेना उंच चढवायचे लोखंडी खांब विकतो. त्याला मुद्दाम ऐकवलं: खांब म्हणजे अज्ञानाची उंची. माझ्या घरावर कधी चढायचा नाही. तो म्हणाला, बरां, खांब चढलो तर त्याच्या पुजेक हळद-कुंकू मी घेऊन येतलंय.
हसू दे.

६ मे
३० तारखेला गोवा राज्य होणार. सोहळा टीव्हीवर. पेठेच्या कमिटीचे जयवंतबाब म्हणाले, तुझ्या अंगणात सगळ्या पेठेला दाखव. चित्र नीट आलं तर घराघरांतल्या अँटेनांचं काम तुझं, नाहीतर अनंताचं.
म्हटलं, त्याला आजच कळवून टाका, बिचारा आशेवर राहील.

२८ मे
पाहुण्यांना उन्हात बसवणं आमच्या रक्तात नाही. माटव हवाच, मांडवाशिवाय सोहळा कसला! मेहुणा बाबली मांद्र्याहून टेंपो घेऊन आला. छपराला माडाच्या पानांची विणलेली वाळकी झापं कुठेच मिळेनात, पावसाआधी भिंती झाकायला लोकांनी नेली. म्हटलं, मग माडाची हिरवी चुडतं आण! वर दाट, चारी बाजूंनी दाट. अँटेनाही आतच घेतला, कोणाच्या पायात यायला नको.
आत काय गारवा! असा माटव डिचोलीने पाहिला नसेल.

३० मे, दुपार
मुंग्या.
वायर बघितली. फ्यूज बघितला. सेटला थापटलं. जयवंतबाबांनी चष्मा दोनदा पुसला आणि विचारलं, हे राज्य आहे की वारूळ?
अनंत सगळ्यात मागे उभा. म्हणाला, नकाशात पेठेतली सगळी झाडां आसत, ह्यो माटव खंय आसा?
लोक हसले. मग रस्ता ओलांडून त्याच्या दुकानातल्या टीव्हीसमोर गेले. सरबताचे ग्लास आमचेच घेऊन. बाबलीसुद्धा.

३१ मे
शांत डोक्याने विचार केला. सिद्धांत तसूभरही चुकलेला नाही. हिरवी पानं लाट अडवतात, हे मी मार्चपासून सांगतोय. काल ते भर पेठेसमोर सिद्ध करून दाखवलं! एवढ्या साक्षीदारांपुढे असा प्रयोग कोणी केलाय?
माटव उतरवला, चित्र लख्ख. मंजुळाला हाक मारून दाखवलं. म्हणाली, आता सोहळो परत येतलो?
बायकांना विज्ञानाचं काही नसतं. जयवंतबाबांना उद्या पुन्हा बोलावतो.

१ जून
जयवंतबाबांना वेळ नाही.

५ जून
अनंताने पेठेतलं काम सुरू केलं. पहिला खांब आमच्या घरावर. मंजुळाने सांगून ठेवलं होतं.
हळद-कुंकू तो घेऊन आला.