मधला काळा ठिपका

मंगळवार, जळगाव. प्रयोगशाळेतून आत्ताच आलो.

आज जमलं. केसाएवढा ऑप्टिकल फायबर तापवायचा आणि त्याला मळसूत्रासारखा एकसमान पीळ द्यायचा. हीच आमची ग्रेटिंग. मग त्यातून जाणारा प्रकाशही पीळ घेऊन बाहेर पडतो. पडद्यावर उजेडाचं कडं दिसतं आणि मधे काळा ठिपका. महिनाभर तो ठिपका काही दिसेना. तापला की फायबर बारीक व्हायचा, कारण मी तो दोन्हीकडून ताणून धरत होतो.

हे कळायला मला महिना का लागावा? दोंडाईच्याला माझे वडील, नाना, अंगणात दोर वळायचे, तेव्हा दुसरं टोक माझ्याच हातात असायचं. पीळ भरेल तसा दोर आखडतो. टोक धरणाऱ्यानं पावलापावलानं पुढे यायचं. मी मागे ओढायचो. नाना ओरडायचे, "वढू नको, पुढे ये." आज एका बाजूची पकड जराशी सैल केली आणि ठिपका उमटला.

नानांना लगेच फोन केला. नायलॉन आल्यापासून त्यांनी दोर वळलेला नाही, बोटंही आता थरथरतात. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधमा पोकळ शे?"

म्हटलं, हो, मधे काळंच आहे.

"मंग उकलीसन परत पीळ दे. पोकळ दोर बैल तोडस."

तो ठिपकाच तर हवा होता, हे सांगणार होतो. पण किती वर्षांनी त्यांनी माझी चूक काढली होती.

"हो नाना," म्हटलं, "उद्या परत वळतो."